शिंकताना, खोकताना लघवी सुटते? ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम कसा करायचा, जाणून घ्या सविस्तर

शिंक आली, जोराचा खोकला आला, पाण्याचा भरलेला हंडा उचलला किंवा खळखळून हसलं की थोडी लघवी सुटते. दोन-तीन बाळंतपणं झालेल्या आणि पाळी गेलेल्या अनेक महिलांना हा त्रास असतो. प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर पुरुषांनाही होतो. पण घरात कुणी बोलत नाही. "वय झालं, आता असंच चालायचं" म्हणून गप्प बसलं जातं. मग लग्नाला जाणं टाळायचं, एसटीचा लांबचा प्रवास नको म्हणायचं, शेतात जाताना पाणीच प्यायचं नाही, असे उपाय सुरू होतात.

प्रत्यक्षात या त्रासावर पहिला उपाय बिनखर्चाचा आहे. ओटीपोटाच्या तळाशी असलेले स्नायू रोज ठरावीक पद्धतीने आवळायचे आणि सोडायचे. यालाच केगल व्यायाम म्हणतात. अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नोल्ड केगल यांनी बाळंतपणानंतर सैल पडलेल्या स्नायूंसाठी हा व्यायाम १९४८ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात मांडला, त्यावरून हे नाव पडलं. आजही खोकताना-शिंकताना होणाऱ्या गळतीवर डॉक्टर आधी हाच व्यायाम सांगतात. मात्र तो बरोबर स्नायूचा, बरोबर पद्धतीने आणि किमान तीन महिने व्हायला हवा.

हे स्नायू असतात कुठे?

ओटीपोटाच्या पुढच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी ताणलेली असते. लघवीची पिशवी, गर्भपिशवी आणि गुदाशय या झोळीवर टेकलेले असतात. लघवीची वाट, योनीमार्ग आणि शौचाची वाट याच झोळीतून खाली येतात.

झोळी घट्ट असेल तर खोकल्याचा दाब पोटातून खाली आला तरी लघवीची वाट आवळलेली राहते. झोळी सैल पडली की तोच दाब लघवीच्या पिशवीवर येतो आणि थेंब-दोन थेंब बाहेर पडतात. दंडाचा स्नायू जसा कामाने कणखर होतो, तसेच हे स्नायूही व्यायामाने घट्ट होतात.

गळती कोणत्या प्रकारची आहे, आधी ओळखा

१) ताणाची गळती: खोकणे, शिंकणे, हसणे, उडी मारणे, ओझं उचलणे अशा वेळी लघवी सुटते. एरवी काही त्रास नसतो. या प्रकारात व्यायामाचा सगळ्यात जास्त फायदा होतो.

२) घाईची गळती: एकदम जोराची लघवी लागते आणि शौचालयापर्यंत पोहोचायच्या आत सुटते. रात्रीही वारंवार उठावं लागतं. यात व्यायामासोबत लघवीच्या वेळेची सवयही लावावी लागते.

३) दोन्ही मिळून: पुष्कळ महिलांना दोन्ही त्रास एकत्र असतात. त्यांनीही व्यायामापासूनच सुरुवात करावी.

४) भरून वाहणारी गळती: लघवीला बसलं तर नीट होत नाही, धार बारीक येते, पोट तुंबल्यासारखं वाटतं आणि थेंब थेंब गळत राहतं. हा व्यायामाचा विषय नाही. लघवी अडल्याची ही खूण असू शकते, डॉक्टरांना लगेच दाखवा.

स्नायू सैल का पडतात?

- बाळंतपण, विशेषतः फार वेळ चाललेल्या कळा, वजनदार बाळ किंवा एकापाठोपाठ एक बाळंतपणं.
- पाळी गेल्यानंतर शरीरात होणारे बदल.
- वर्षानुवर्षं जड ओझं. डोक्यावर हंडा, गवताचा भारा, सरपणाची मोळी, उसाची मोळी, बांधकामावरची पाटी. दर वेळी पोटातला दाब खाली येतो.
- जुनाट खोकला. दमा, बिडी-सिगारेट आणि चुलीचा धूर यामुळे खोकला हटत नाही आणि स्नायूंना दिवसभर हादरे बसतात.
- शौचाला कडक होणे आणि रोज जोर करावा लागणे.
- वाढलेलं वजन.
- पुरुषांमध्ये प्रोस्टेटचं ऑपरेशन.

यातलं कारण चालूच राहिलं तर व्यायामाचा फायदा अर्धाच मिळतो. म्हणून खोकल्यावर उपचार, पोट साफ राहणं आणि ओझ्याची वाटणी हीसुद्धा उपचाराचीच बाजू आहे. एक मोठा हंडा डोक्यावर आणण्यापेक्षा दोन छोट्या घागरींच्या दोन खेपा बऱ्या. ४५ किलोचं युरियाचं पोतं एकटीने उचलू नये.

योग्य स्नायू कसा ओळखायचा?

सगळ्यात जास्त चूक इथेच होते. पुष्कळ जण पोट, मांड्या किंवा कुल्ले आवळतात आणि आतला स्नायू हलतही नाही.

पाठीवर झोपा, गुडघे वाकवून तळपाय जमिनीला टेकवा. आता चारचौघांत बसलेले असताना गॅस सुटायला आला आहे आणि तो रोखायचा आहे, असं समजा. शौचाची जागा आत आणि वर ओढली जाते. त्याच वेळी लघवीची धार थांबवल्यासारखं पुढेही आवळा. मागून पुढे, आत आणि वर अशी जी ओढ जाणवते, तोच हा स्नायू.

खात्री करण्यासाठी:

- एक हात पोटावर, दुसरा कुल्ल्यावर ठेवा. आवळताना दोन्ही जागा मऊ राहिल्या पाहिजेत.
- श्वास चालू राहिला पाहिजे. आकडे मोठ्याने मोजले की श्वास आपोआप चालू राहतो.
- महिलांनी स्वच्छ धुतलेलं बोट योनीमार्गात ठेवून आवळलं तर बोटाभोवती पकड जाणवते.
- पुरुषांना लिंग मुळाशी किंचित आत ओढलं जाताना आणि अंडकोष थोडे वर उचलले जाताना जाणवतात.
- खाली ढकलल्यासारखं, शौचाला जोर केल्यासारखं वाटत असेल तर ते उलटं होतंय. थांबा आणि पुन्हा प्रयत्न करा.

योगासनं करणाऱ्यांना मूलबंध माहीत असतो. त्यातली ओढ बरीचशी अशीच असते. फक्त इथे श्वास रोखायचा नाही.

काहींना सुरुवातीला काहीच जाणवत नाही. स्नायू फार कमजोर झाला असेल तर असं होतं. आठवडाभर रोज प्रयत्न करा. तरीही जाणवलं नाही तर स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्ट तपासून बरोबर जागा दाखवू शकतात.

व्यायामाची पद्धत

आधी लघवी करून घ्या. मग दोन प्रकार करायचे.

संथ आवळणे: स्नायू हळूहळू आत आणि वर ओढा. ३ सेकंद धरा. मग पूर्ण सैल सोडा आणि तेवढाच किंवा थोडा जास्त वेळ विश्रांती घ्या. असं ८ वेळा करा. सैल सोडणं हे आवळण्याइतकंच महत्त्वाचं आहे.

झटपट आवळणे: एका सेकंदात जोरात आवळा, लगेच सोडा. असं ८ ते १० वेळा करा. अचानक आलेल्या शिंकेच्या वेळी हीच ताकद कामाला येते.

दोन्ही मिळून एक फेरी झाली. दिवसातून तीन फेऱ्या करायच्या. एका फेरीला जेमतेम पाच मिनिटं लागतात. ब्रिटनमधील 'नाइस' या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांमध्येही रोज तीन वेळा, दर वेळी किमान ८ आवळण्या आणि किमान तीन महिने, असंच प्रमाण दिलं आहे.

बारा आठवडे असे वाढवत न्या

- आठवडा १ आणि २: झोपून. ३ सेकंद धरा, ८ वेळा.
- आठवडा ३ आणि ४: बसून. ५ सेकंद धरा, ८ वेळा.
- आठवडा ५ ते ८: बसून आणि उभ्याने. ६ ते ८ सेकंद धरा, ८ ते १० वेळा.
- आठवडा ९ ते १२: उभ्याने, हलकं काम करताना. १० सेकंद धरा, १० वेळा.

प्रत्येक टप्प्यात झटपट आवळण्याही चालू ठेवा. हे प्रमाण अंदाजे आहे. ५ सेकंदांच्या आत पकड सुटत असेल तर मागच्याच टप्प्यावर राहा. थकलेल्या स्नायूने वीस वेळा करण्यापेक्षा नीट आठ वेळा केलेलं बरं.

लक्षात राहावं म्हणून रोजच्या कामाशी वेळ जोडा. सकाळी उठल्यावर अंथरुणातच, दुपारी भाकरी खाऊन टेकल्यावर आणि रात्री टीव्हीवर मालिका पाहताना. मोबाईलमध्ये तीन अलार्म लावले तरी चालतात. बाहेरून कुणाला काही दिसत नाही, त्यामुळे एसटीत बसूनही करता येतो.

खोकण्याआधी आवळा

स्नायूला ताकद येईपर्यंत थांबायची गरज नाही. शिंक किंवा खोकला येतोय असं वाटलं की आधी आवळा, मग खोका आणि खोकून झाल्यावर सोडा. हंडा उचलण्याआधी, वासराला ओढण्याआधी, खुर्चीतून उठण्याआधीही हेच करा. सुरुवातीला आठवण ठेवावी लागते. काही आठवड्यांत ती सवयच होते.

एकदम घाई झाली तर काय करावं?

लघवीची जोराची घाई आली की पळू नका. पळताना पोटावर दाब येतो आणि जास्त गळतं. जागेवर थांबा, शक्य असेल तर बसा. स्नायू झटपट पाच-सहा वेळा आवळा. दीर्घ श्वास घ्या, मनात उलटे आकडे मोजा. घाईची लाट थोडी ओसरली की शांतपणे चालत शौचालयात जा.

घाईची गळती असणाऱ्यांनी लघवीची वेळही हळूहळू वाढवावी. दर तासाला जावं लागत असेल तर आठवडाभर सव्वा तास, मग दीड तास असं करत तीन-चार तासांपर्यंत पोहोचायचं. बाहेर पडण्याआधी लागली नसताना "असू दे, जाऊन येते" म्हणून दर वेळी जाण्याची सवय लागली की पिशवी कमी लघवी धरायला शिकते.

या चुका टाळा

- लघवी करताना मध्येच धार थांबवून रोज व्यायाम करू नका. स्नायू ओळखण्यासाठी एखाद्या वेळी ठीक. सवय लागली तर लघवी पूर्ण होत नाही.
- श्वास रोखू नका, दात-ओठ आवळू नका.
- लवकर फरक पडावा म्हणून दिवसभर आवळत राहू नका. स्नायू दुखतो आणि उलटा परिणाम होतो.
- पंधरा दिवसांत फरक दिसला नाही म्हणून सोडू नका. साधारण सहा ते आठ आठवड्यांत बदल जाणवू लागतो, पूर्ण फायद्याला तीन महिने किंवा जास्त लागतात.
- बरं वाटलं म्हणून एकदम बंद करू नका. नंतरही रोज एक फेरी चालू ठेवा.

पाणी तोडू नका

गळतीच्या भीतीने पाणी कमी पिणं ही गावाकडची सर्रास चूक आहे. लघवी दाट झाली की पिशवीची आग होते आणि घाई वाढते. लघवीचा जंतुसंसर्ग, मुतखडा यांचा धोका वाढतो. उन्हाळ्यात शेतात काम करताना चक्कर येऊ शकते. दिवसभरात साधारण दीड ते दोन लिटर पाणी प्यावं, उन्हात काम असेल तर आणखी जास्त. हृदय किंवा किडनीच्या रुग्णांनी डॉक्टर सांगतील तेवढंच घ्यावं. रात्री वारंवार उठावं लागत असेल तर झोपण्याआधी दोन तास पाणी कमी करा.

चहा-कॉफीने घाई वाढते. दिवसात पाच-सहा कप होत असतील तर दोनवर आणा. तंबाखू, बिडी सोडा. जेवणात पालेभाज्या, फळं, डाळी आणि ज्वारी-बाजरीची भाकरी ठेवा म्हणजे शौचाला जोर करावा लागत नाही. वजन जास्त असेल तर थोडं कमी झालं तरी गळतीत फरक पडतो.

बाळंतिणीसाठी

गरोदरपणात हा व्यायाम केला तर पुढे गळतीचा त्रास होण्याची शक्यता कमी होते. धोक्याची गरोदर अवस्था असेल तर डॉक्टरांना विचारून करावा. बाळंतपणानंतर लघवीची नळी काढलेली असेल, लघवी नीट होत असेल आणि दुखत नसेल तर काही दिवसांतच हलक्या आवळण्या सुरू करता येतात. टाके असतील तर नर्सबाईंना विचारून घ्या. सिझेरियन झालेल्यांनीही करावा, कारण नऊ महिने बाळाचं वजन याच झोळीवर असतं.

दवाखान्यात बाळंतपण झाल्यावर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. त्या वेळी लघवीच्या त्रासाबद्दल मोकळेपणाने सांगा. सासूबाईंनी, नवऱ्यानेही या दिवसांत बाळंतिणीला जड उचलू देऊ नये.

पुरुषांनीही वाचावं

प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर, विशेषतः कॅन्सरमुळे ग्रंथी काढल्यावर, काही काळ लघवी गळते. ऑपरेशनआधीच स्नायू ओळखून व्यायाम शिकून घेतला तर नंतर सोपं जातं. नळी असेपर्यंत व्यायाम करू नये, ती काढल्यावर डॉक्टरांच्या सल्ल्याने सुरू करावा. लघवी झाल्यावर कपड्यात दोन-चार थेंब पडत असतील तर लघवी संपताच स्नायू आवळा आणि अंडकोषाच्या मागच्या बाजूने बोटांनी हलकं दाबत पुढे आणा. नळीत राहिलेले थेंब बाहेर पडतात.

गर्भपिशवी काढण्याची घाई नको

अंगावरून जाणं, ओटीपोटात दुखणं, लघवी गळणं अशा तक्रारी घेऊन गेलेल्या महिलांना थेट पिशवी काढण्याचा सल्ला मिळाल्याची उदाहरणं महाराष्ट्रात आहेत. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येने काढल्याचं समोर आल्यावर २०१९ मध्ये राज्य सरकारने चौकशी समितीही नेमली होती.

नुसती लघवी गळते म्हणून गर्भपिशवी काढणं हा त्यावरचा उपचार नाही. गळती लघवीच्या पिशवीची आणि खालच्या स्नायूंची असते. अंग बाहेर येत असेल, म्हणजे पिशवी खाली सरकली असेल, तरी सौम्य प्रकारात व्यायामाने आराम मिळतो. काहींना आधार देणारी रिंग बसवता येते. व्यायामाने भागलं नाही तर ताणाच्या गळतीसाठी वेगळं, छोटं ऑपरेशनही असतं. कुणी पिशवी काढायला सांगितलं तर सरकारी रुग्णालयातील स्त्रीरोगतज्ज्ञांचं दुसरं मत घेतल्याशिवाय हो म्हणू नका.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

पुढीलपैकी काही असेल तर आधी तपासणी, मग व्यायाम:

- लघवीतून रक्त जाणे
- लघवीला जळजळ, थंडी-ताप, कमरेत दुखणे
- खूप तहान, वारंवार आणि भरपूर लघवी, वजन घटणे (साखर तपासून घ्या)
- योनीमार्गातून गोळा किंवा मांस बाहेर आल्यासारखं वाटणे
- अवघड बाळंतपणानंतर रात्रंदिवस सतत लघवी गळत राहणे (लघवीच्या पिशवीला छिद्र पडलेलं असू शकतं, त्यावर ऑपरेशन आहे)
- व्यायाम करताना किंवा संबंधाच्या वेळी दुखणे
- तीन महिने नीट करूनही फरक नसणे

वेळ न दवडता जा: लघवी पूर्ण अडली असेल, किंवा कमरेच्या दुखण्यासोबत पाय लुळे पडत असतील, मांड्यांच्या आतली आणि शौचाची जागा बधिर झाली असेल आणि लघवी-शौचावरचा ताबा एकदम गेला असेल तर १०८ वर फोन करून लगेच मोठं रुग्णालय गाठा.

कुठे जायचं?

सुरुवात गावातील आशाताई, उपकेंद्र किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रापासून करा. लघवी आणि साखरेची तपासणी तिथे होते. तालुक्याच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञ कोणत्या वारी असतात ते विचारून जा. व्यायाम शिकण्यासाठी जिल्हा रुग्णालयाच्या फिजिओथेरपी विभागात चौकशी करा. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. ई-संजीवनी ॲपवर मोबाईलवरूनही सरकारी डॉक्टरांशी बोलता येतं.

नेहमी पडणारे प्रश्न

वय ६५ झालं, आता फायदा होईल का?
होय. स्नायू कोणत्याही वयात बळकट होतात, वेळ थोडा जास्त लागू शकतो.

पाळीत करता येतो का?
येतो. त्रास होत असेल तर त्या दिवशी कमी करा.

बीपीची गोळी सुरू केल्यापासून लघवी जास्त होते, बंद करू का?
काही गोळ्यांनी लघवी वाढते. स्वतःहून बंद करू नका. डॉक्टरांना सांगा, गोळी किंवा तिची वेळ ते बदलून देतील.

कापड वापरावं की पॅड?
काहीही वापरा, पण ओलं झाल्यावर लगेच बदला. कापड साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवा, नाहीतर खाज आणि पुरळ येते.

कुणाला सांगायची लाज वाटते, काय करू?
आशाताईंना किंवा नर्सबाईंना सांगायला "खोकताना लघवी जाते" एवढं एक वाक्य पुरेसं आहे. पुढचं त्या विचारून घेतात.

*(टीप : ही माहिती सर्वसाधारण जनजागृतीसाठी आहे. प्रत्येकाची तब्येत वेगळी असते. नुकतंच ऑपरेशन झालं असेल, गरोदर असाल किंवा वरीलपैकी कोणतंही धोक्याचं लक्षण असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्यानेच व्यायाम सुरू करावा.)*